वहिनींची बोटे

आमच्या घरी देवापुढील वाती बाजारातून कधी आणाव्या लागल्या नाहीत. त्या वहिनीच वळीत असत. दुपारची जेवणे उरकली, ओटा पुसून झाला, की माजघरात चटई टाकून त्या कापसाची पिशवी उघडीत. सरकी काढलेला कापूस बोटांनी मोकळा करावा, चिमूटभर उचलून त्याचा पापुद्रा करावा, दुधाचे बोट लावून टोक पिळावे आणि फुलवात ताटात उभी करावी, हे काम त्या बोलता बोलता, हाताकडे न पाहता करीत. तासाभरात ताट भरून जाई. शेजारपाजारच्या हिंदी भाषक बायकाही कार्तिक महिना आला म्हणजे हक्काने वाती मागावयास येत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये, भंवरताल बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचे जुने घर आहे. मामंजी नागपूरच्या हायकोर्टात कारकून होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, हायकोर्ट जबलपूरला आले आणि कोर्टाच्या दप्तरांमागोमाग मामंजींचे बिऱ्हाडही आले. तेव्हापासून आमच्या उंबरठ्याच्या आत मराठी आणि फाटकाच्या बाहेर हिंदी असा व्यवहार चालू आहे. वहिनी 1979 साली या घरात आल्या. मी त्यानंतर सात वर्षांनी. थोरले भाऊजी फार लवकर गेले. मूलबाळ नव्हते. वहिनींनी माझ्या दोन्ही मुलांना आपली मानले आणि घराचा भार मुकाट्याने उचलला. एवढे सांगितले म्हणजे पुढची हकीकत मी का लिहीत आहे ते वाचकांच्या ध्यानी येईल.

2008 सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. जबलपूरची थंडी कोरडी आणि बोचरी असते. पहाटे नळाखाली भाजी धुता धुता वहिनी मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, हे बघ. बोटांना पीठ लागल्यासारखे दिसते ना?" मी पाहिले. डाव्या हाताची तीन बोटे दुसऱ्या पेरापासून टोकापर्यंत पांढरीफटक पडली होती, जणू त्यांत रक्तच नव्हते. थोड्या वेळाने ती निळसर झाली आणि चुलीच्या उबेला धरल्यावर लालबुंद होऊन ठणकू लागली. आम्ही दोघी हसलो. थंडीचा प्रताप, असे म्हणून विषय तेथेच संपला.

तो संपावयास नको होता. पुढील वर्षभरात वहिनींच्या बोटांची कातडी ताणल्यासारखी घट्ट झाली, अंगठी निघेना, गिळलेला घास छातीत अडकल्यासारखा वाटू लागला. 2009 मध्ये आम्ही त्यांना नागपूरला एका संधिवाततज्ज्ञांकडे नेले. त्यांनी वहिनींचे दोन्ही हात हाती घेऊन बराच वेळ पाहिले, नखांच्या मुळाशी भिंग धरले आणि मगच रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. आजाराचे नाव निघाले स्क्लेरोडर्मा.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती, तीच या आजारात आपल्या घरच्या माणसांवर काठी उगारते. त्वचा, सांधे, आतडी, फुप्फुसे यांना बांधून ठेवणारा जो धाग्यांसारखा आधार शरीरात सर्वत्र असतो, तो दाट आणि ताठर होत जातो. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार बराच अधिक होतो. आणि बोटे पांढरी पडणे ही पुष्कळदा त्याची पहिली खूण असते, कधी कधी तर कित्येक वर्षे आधी दिसणारी. मोरिस रेनॉ या तरुण फ्रेंच वैद्याने 1862 मध्ये पॅरिस येथे आपल्या प्रबंधात या पांढऱ्या-निळ्या बोटांचे वर्णन केले, म्हणून आजही त्या लक्षणाला त्याचे नाव आहे. नुसते हे लक्षण कित्येक निरोगी माणसांतही आढळते आणि त्यांचे काही बिघडत नाही. परंतु स्क्लेरोडर्मात बोटांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीच आतून जाड झालेल्या असतात.

मला शेतातल्या पाटाची उपमा सुचली. पाट रुंद आणि स्वच्छ असेल, तर कोणी क्षणभर बांध घातला तरी वाफा वाळत नाही. पाट गाळाने आधीच अरुंद झालेला असेल, तर तेवढा बांधही पिकाच्या मुळावर येतो. थंडी किंवा मनाचा धसका हा तो क्षणभराचा बांध. आणि बोटांची टोके हे शेवटचे वाफे.

नागपूरच्या डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारी निफेडिपिनची गोळी दिली, हात सदैव उबदार ठेवावयास सांगितले आणि वर्षातून एकदा तपासणीस बोलावले. सासूबाईंच्या जुन्या लोकरीच्या शालीतून मी वहिनींसाठी हातमोजे शिवले. ते घालून वाती वळता येत नसत, म्हणून त्या शेगडी जवळ घेऊन बसत. अशी नऊ वर्षे गेली. आजार एका जागी थांबल्यासारखा झाला आणि हळूहळू आम्ही तो विसरलो.

2018 च्या जुलैमध्ये वहिनींच्या पोटात उजव्या बाजूला कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया झाली, काढलेले पित्ताशय रिवाजाप्रमाणे तपासणीस गेले आणि आठ दिवसांनी अहवाल आला, की त्यात कर्करोग आहे. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर आणि मध्य भारतात, विशेषतः बायकांमध्ये, देशाच्या इतर भागांपेक्षा अधिक आढळतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. दुसरी, मोठी शस्त्रक्रिया झाली. ती चांगली पार पडली. मागे नजरेला न दिसणाऱ्या पेशी राहिल्या असतील, तर त्यांच्यासाठी केमोथेरपी द्यावी असे ठरले. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही दोन औषधे, दर तीन आठवड्यांच्या फेरीत पहिल्या आणि आठव्या दिवशी, अशा सहा फेऱ्या.

येथे माझ्या हातून जे घडले ते मला लपवावयाचे नाही.

रुग्णालयात भरती होताना एक छापील अर्ज भरावा लागला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा यांच्यासाठी चौकटी होत्या. त्यांच्यापुढे मी 'नाही' लिहिले. शेवटी एक ओळ होती, 'अन्य जुना आजार'. माझी लेखणी तेथे थांबली. नागपूरची फाइल घरी लोखंडी कपाटात होती. मी विचार केला, हा जुना आजार सांगितला, तर डॉक्टर म्हणतील, आधी त्याची तपासणी करा, मग पाहू. आणि यात महिना जाईल. कदाचित औषध देण्यासच नकार देतील. कर्करोग थांबणार नाही. मी त्या ओळीपुढेही 'नाही' लिहिले. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिले आणि काही बोलल्या नाहीत.

दुसरी चूक अधिकच साधी. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब उतरू नये म्हणून निफेडिपिनची गोळी बंद केली होती. ती पुन्हा सुरू करावयाची कोणाच्याच लक्षात राहिले नाही, माझ्याही नाही.

ऑक्टोबरमध्ये पहिली फेरी झाली. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, पण वहिनींनी धीर सोडला नाही. त्यांच्या हातांची कातडी कडक असल्याने शीर सापडावयास फार त्रास होई. परिचारिका दोनदा-तीनदा सुई टोचीत आणि वहिनी 'असू द्या हो' म्हणत. त्या शिरा का सापडत नाहीत, असे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दुसऱ्या फेरीनंतर बोटांना मुंग्या येऊ लागल्या. ते औषधाने होते असे शेजारच्या खाटेवरील बाईंनी सांगितले आणि आम्हांला ते पटले.

तिसरी फेरी डिसेंबरात संपली. चौथ्या दिवशी पहाटे वहिनींच्या कण्हण्याने मला जाग आली. त्या उजवा हात डाव्या काखेत दाबून बिछान्यात बसल्या होत्या. दिवा लावून पाहते तो तर्जनी, मधले बोट आणि अनामिका निळी पडलेली. मी हात चोळले, शेगडी आणली, कोमट पाण्यात हात धरला. नेहमी अर्ध्या तासात येणारी लाली आली नाही. उजाडेपर्यंत तर्जनीचे टोक जांभळे झाले होते.

रुग्णालयात डॉक्टरांनी प्रथमच वहिनींचे हात उजेडात नीट पाहिले. कातडीला चिमटा घेण्याचा प्रयत्न केला. ती उचलली गेली नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना स्क्लेरोडर्मा आहे. किती वर्षांपासून?" मी खाली मान घालून 'नऊ' म्हणाले. त्यांचा स्वर चढला नाही, पण क्षणभर ते गप्प राहिले, आणि ते गप्प राहणे मला आजही ऐकू येते. मग ते म्हणाले, "सांगितले असते, तरी आम्ही उपचार नाकारला नसता. तयारीने केला असता. कदाचित वेगळे औषध निवडले असते."

त्या काही दिवसांत मी जे ऐकले आणि पुढे जे समजून घेतले, ते थोडक्यात सांगते. कारण अशा घरांना त्याचा उपयोग होईल. कर्करोगावरील काही औषधे रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा करतात. अस्तर दुखावले, की वाहिनी आक्रसते आणि तिच्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल वाढतो. जेमसिटाबिन, सिस्प्लॅटिन आणि ब्लिओमायसिन यांच्या बाबतीत हे वैद्यांना चांगले ठाऊक आहे. निरोगी रक्तवाहिन्यांच्या माणसात असा प्रसंग क्वचित येतो. पण ज्याचे पाट आधीच अरुंद झालेले आहेत, त्याच्या बोटांच्या टोकांशी रक्त पोचेनासे होते. थंडी त्यात भर घालते. आमच्याकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या: जुना आजार, नवे औषध आणि डिसेंबर. त्यातून रक्षण करणारी गोळी आम्हीच बंद ठेवली होती.

उपचार ताबडतोब सुरू झाले. केमोथेरपी थांबवली. निफेडिपिन पुन्हा दिले, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शने दिली आणि वाहिन्या मोकळ्या करणारे प्रोस्टाग्लँडिन गटातील औषध शिरेतून थेंबथेंब, रक्तदाबावर नजर ठेवून, काही दिवस दिले. कर्करोगाच्या डॉक्टरांनी आपण होऊन नागपूरच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. दोघे वैद्य एकाच रुग्णाविषयी बोलत आहेत, हे दृश्य तीन महिन्यांपूर्वीच दिसावयास हवे होते. ते न दिसण्याचे कारण माझ्या लेखणीतला एक शब्द होता.

मधले बोट आणि अनामिका आठवड्याभरात वाचली. तर्जनीचे टोक मात्र काळे पडून वाळू लागले. ते लगेच कापून टाकावे, असे मला वाटत होते. शल्यवैद्य म्हणाले, "घाई नको. जिवंत आणि मृत भागांची सीमा शरीरच ठरवील. कोरडे ठेवा, स्वच्छ ठेवा, जंतुसंसर्ग होऊ देऊ नका." त्याप्रमाणे दोन महिने रोज पट्टी बदलली. फेब्रुवारीच्या अखेरीस ते अर्धे पेर आपोआप गळून पडले. मी ते काम करीत असता वहिनी खिडकीतून बाहेर पाहत बसत.

दरम्यान खरा प्रश्न पुढे उभा होता. उरलेल्या तीन फेऱ्यांचे काय? माझे यजमान आणि माझा मुलगा यांचे म्हणणे, की बोटापेक्षा जीव मोठा. दुसरे एखादे औषध शोधावे, पण थांबू नये. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, की शस्त्रक्रियेत रोग पूर्णपणे निघाला आहे. पुढील औषधाने धोका किती कमी होईल हे या रोगात खात्रीने सांगता येत नाही. पण तीच औषधे दिली तर आणखी बोटे आणि त्याबरोबर मूत्रपिंडही धोक्यात येऊ शकते. निर्णय वहिनींवर सोपवला. त्यांनी एक रात्र मागून घेतली. सकाळी देवपूजा आटोपून त्या म्हणाल्या, "तीन झाल्या तेवढ्या पुरे. तपासणीला मात्र मी एकदाही चुकणार नाही." आणि त्या खरोखरच चुकल्या नाहीत. प्रथम दर तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, रक्त आणि नागपूरची फेरी चालू राहिली. 2023 च्या डिसेंबरात पाच वर्षे पूर्ण झाली तेव्हा डॉक्टरांनी हसून त्यांचे हात पुन्हा एकदा उजेडात पाहिले.

ही हकीकत वाचून कोणी केमोथेरपीचीच धास्ती घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. संधिवात, ल्यूपस, स्क्लेरोडर्मा असे आजार असलेल्या अनेक रुग्णांना कर्करोगावरील औषधे सुखरूप दिली जातात. किंबहुना या दोन घरांचे जुने नातेच आहे. आंध्रातील भीमावरम येथे 1895 मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या औषधांवर काम करीत होते, त्यांतील एक वापरून सिडनी फार्बर यांनी 1948 मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या बालकांत तात्पुरती का होईना सुधारणा घडवून दाखवली. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आज आठवड्यातून एकदा, अल्प मात्रेत, असंख्य संधिवाताचे रुग्ण घेतात. स्क्लेरोडर्मात फुप्फुसे बाधित झाली तर देतात ते सायक्लोफॉस्फामाइड हेही मुळात कर्करोगावरचेच औषध. तेव्हा औषध वैरी नसते. कोणत्या देहात ते जात आहे, हे वैद्याला ठाऊक नसणे, हा वैरी.

म्हणून माझ्यासारख्या गृहिणींना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरातील कोणाची बोटे थंडीत पांढरी, निळी होत असतील, तर ती गोष्ट क्षुल्लक मानू नये. एकदा दाखवून घ्यावी. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना जुनी फाइल आणि चालू असलेल्या, तशाच बंद केलेल्या, सर्व गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. केमोथेरपीपूर्वी डॉक्टरांना आपण होऊन हात दाखवावेत. काही ठिकाणी नखे वाचावीत म्हणून औषध चालू असताना बर्फासारखे गार हातमोजे घालावयास देतात. रेनॉच्या रुग्णाने ते घालण्यापूर्वी आपली अडचण सांगावी. उलटी थांबवण्यासाठी बहुधा स्टिरॉइड देतात. स्क्लेरोडर्मात त्याची मोठी मात्रा मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, म्हणून तेही विचारून घ्यावे आणि रक्तदाब नियमाने मोजावा. शिरा सापडत नसतील, तर छातीच्या कातडीखाली बसवावयाच्या पोर्टविषयी चौकशी करावी. हात उबदार ठेवावेत, पण बधिर बोटे कढत पाण्यात बुडवू नयेत. भाजल्याचे कळतदेखील नाही. घरात कोणी विडी-सिगारेट ओढीत असेल, तर रुग्णासाठी तरी ती सोडावी. आणि बोट निळे पडून अर्ध्या तासात पूर्ववत झाले नाही, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

राहिली ती माझ्या मनाची गोष्ट. अर्जावरील त्या शब्दाविषयी मी वहिनींशी दोन वर्षे बोलू शकले नाही. एकदा दुपारी त्यांच्या शेजारी चटईवर बसले असता माझ्या तोंडून ते निघून गेले. मी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी खोटे लिहिले. तुमचे बोट माझ्यामुळे गेले." त्या कापूस मोकळा करीत होत्या. म्हणाल्या, "मी शेजारीच बसले होते ना? मला वाचता येत नव्हते का? मलाही तीच भीती होती, की ते औषध देणार नाहीत. गप्प दोघीही बसलो." इतके बोलून त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली.

हल्ली वहिनी अंगठा आणि मधले बोट यांनी वाती वळतात. पूर्वीइतका वेग नाही आणि थंडीत तर शेगडीवाचून चालतच नाही. त्यांच्या वाती आता थोड्या जाड होतात. म्हणून अर्ध्या वाती मी वळते. माझ्या अजून वाकड्याच होतात. लोखंडी कपाटातील नागपूरची फाइल मात्र आता कपाटात नसते. ती दाराजवळच्या खुंटीवर, बाजाराच्या पिशवीशेजारी टांगलेली असते. घराबाहेर पडताना वहिनी विचारतात, "फाइल घेतलीस ना?" आणि मग आम्ही निघतो.